अडवणारी वस्तू

आमच्या घरात दोन प्रकारचं गणित चालायचं, एक अप्पांचं आणि एक मायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंतची शाळा होती, तिथे ते शिक्षक होते आणि गणितावर त्यांचा भारी जीव. माय शाळेत गेली नव्हती, पण हिशेबात तिला कुणी फसवल्याचं मला आठवत नाही. अप्पांचं गणित डब्यांपासून सुरू व्हायचं. साखर किती, चहापत्ती किती, दूध किती, त्यावरून ते सांगायचे की आज घरात सात कप चहा होऊ शकतो. माय पाहुण्यांपासून सुरू करायची. दारात नऊ माणसं आली तर चहा नऊ कप. तो कसा व्हायचा हे अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते कपात डोकावून बघायचे, एक घोट घ्यायचे आणि पुन्हा कप मोजायचे. एकदा लाइट गेल्यावर त्यांनी अंधारातच मला विचारलं, "सुजा, घरात कंदील दोन, वाती दोन, काच एक. तर उजेड किती कंदिलांचा पडल?" मी विचार करीत होते तेवढ्यात चुलीपासून मायचा आवाज आला, "एकाचा. दुसरी काच तुमीच फोडली परवा." त्या दिवशीचं गणित तिथेच संपलं.

आमची गल्ली बौद्धवाड्यातली, विहारापासून पिठाच्या चक्कीपर्यंत जाणारी. सकाळी चक्कीचा टुकटुक आवाज सुरू झाला की त्याच तालावर घराघरातून भाकरी थापल्याचे आवाज यायचे. कुणाच्या चुलीवर अंबाडीची भाजी, कुणाकडे तुरीचं वरण, कुणाकडे नुसताच ठेचा, हे वासावरून सगळ्यांना कळायचं आणि त्याप्रमाणे वाट्या इकडून तिकडे फिरायच्या. गल्लीत एक पोचा आलेला पितळी पेला होता. तो मूळचा कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो सतत कुणाच्या तरी दारात काहीतरी उसनं मागायला उभा असायचा. उसन्याचा एक रिवाज होता. घेताना पेला काठाबरोबर आणि परत करताना शिगेचा. वर जी शीग यायची ती न बोलता दिलेली. आज विचार करते तेव्हा वाटतं, एकच पेलाभर साखर गल्लीत फिरत असणार आणि प्रत्येक दारातून थोडी वाढून निघत असणार. अप्पांच्या कुठल्याच सूत्रात हे बसलं नसतं. शांताकाकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. त्यांच्या आणि आमच्या मधल्या भिंतीत एक वीट सैल होती. ती काढली की पेला थेट पलीकडे जायचा, दारातून फिरायचीही गरज नव्हती.

अप्पांची आवडती उदाहरणं एकाच जातीची असायची. दोन-तीन वस्तू द्यायच्या, प्रत्येक वस्तू किती लागते ते सांगायचं आणि विचारायचं, जास्तीत जास्त किती? खुर्चीला चार पाय आणि एक फळी, पाय चाळीस, फळ्या आठ, तर खुर्च्या किती? फळ्या आठच, म्हणून खुर्च्या आठ, उरलेले आठ पाय पडून राहतील. "प्रत्येकीचा वेगळा भागाकार करा," ते फळ्यावर खडू आपटत म्हणायचे, "आणि त्यातला लहान आकडा धरा. जी वस्तू आधी संपते ती बाकीच्यांना अडवते. अडवणारी वस्तू सापडली की उत्तर सापडलं." माझी नात छत्रपती संभाजीनगरला अकरावीत आहे. मागच्या महिन्यात ती फोनवर म्हणाली की रसायनशास्त्रात लिमिटिंग रिएजंट म्हणून एक भयंकर धडा आहे, आजी, तुला नाही कळायचा. तिने समजावून सांगायला सुरुवात केली आणि मी दोन वाक्यांत ओळखलं, ही तर आमच्या अप्पांची अडवणारी वस्तू. मी तिला खुर्च्यांचं उदाहरण घालून दिलं. "अगं आजी, तू भारी आहेस," ती म्हणाली, आणि मी ते कौतुक अप्पांच्या वतीने ठेवून घेतलं.

पण त्या वयात मला हे उदाहरण काही केल्या जमत नसे. भागाकार यायचा, गुणाकार यायचा, अडवणारी वस्तूही सापडायची. फक्त ती अडवते हे मला पटायचं नाही. आणि ते पटणं फार गरजेचं होतं, कारण गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. माझी मावशी अंबडला राहायची, तिचे यजमान कोर्टात शिपाई होते. "सुजाला पाठवा माझ्याकडं, मला पोरगी न्हाई," असं ती दर खेपेला म्हणायची. मला अंबडला जायचंच होतं. तिथली शाळा मी एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिली होती. निळ्या स्कर्टातल्या मुलींची रांगच्या रांग फाटकातून आत चालली होती आणि एकीच्याही डोक्यावर सरपणाचा भारा नव्हता. नाही गेले असते तर काय झालं असतं हेही उघडच होतं. चुलत्याने दोनदा विषय काढला होता की पोरीची सातवी होत आली, आता खुरपं धरू द्या, पुढचं पुढं बघू. ते पुढचं म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. अप्पा त्याला काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "त्या शाळेच्या मोठ्या बाई गणित विचारून पोरी घेतात. तुझं गणित बराबर झालं तर मी सोता तुला घेऊन जातो. न्हाई झालं तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

सातवीच्या वार्षिक परीक्षेत अप्पांनीच पेपर काढला. शाळेत त्यांना गुरुजी म्हणावं लागायचं. मी एकदा भर वर्गात 'अप्पा' म्हणाले होते आणि वर्गातली पोरं महिनाभर माझ्यामागे 'अप्पा, अप्पा' करीत फिरली होती. शेवटचा प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. एक किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो गूळ यांचे वीस लाडू होतात, सहा किलो शेंगदाणे आणि दोन किलो गूळ असल्यास जास्तीत जास्त किती लाडू होतील? मी नीट मांडणी केली. शेंगदाण्यांचे एकशेवीस, गुळाचे ऐंशी. मग मी पेन चावत बसले. तेवढे शेंगदाणे निवडून, भाजून, सोलून ठेवायचे आणि दोन किलो तसेच राहू द्यायचे? कोणती बाई असं करील? मी खाली लिहिलं: उत्तर एकशेवीस. एक किलो गूळ कमी पडतो, तो शांताकाकूंकडून आणावा.

अप्पांनी त्या प्रश्नाला लाल पेनाने भलामोठा भोपळा दिला. घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच ते गरजले, "शांताकाकू गणितात न्हाई!"

"पण गल्लीत हाय ना, अप्पा," मी म्हणाले.

"गणितात जे दिलं तेवढंच असतं. त्याच्या बाहीर कोणी न्हाई. ना गल्ली, ना काकू, ना तुझी माय."

"मंग त्या गणितात ऱ्हायचं तरी कुणी," माय भाकरी उलटत पुटपुटली. मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं, कारण अप्पांनी डोक्याला हात लावला होता. ते चिडले असते तर चाललं असतं. पण ते खरोखर काळजीत पडले होते, आणि ती काळजी माझीच होती. त्या क्षणी मला स्वतःचा फार राग आला. एक साधा ऐंशीचा आकडा लिहायला माझ्या हाताला काय झालं होतं कोण जाणे.

भिंतीतली वीट सैल असल्यामुळे आमच्या घरातलं काही गुपित राहत नसे. थोड्याच वेळात शांताकाकू स्वतः दारात हजर. पदर खोचलेला, आणि हातात गुळाची भेली. "गुरुजी, मी गूळ देत न्हाई म्हणून पोरीचे मार्क कापले व्हय तुमी? कवा न्हाई म्हटलं मी? इचारा हिच्या मायला. घ्या हा गूळ. एक किलोच्या वर हाय, तोलून घ्या. आता द्या पोरीला मार्क."

अप्पांनी त्यांना समजावण्याचा मनापासून प्रयत्न केला. हे खरे लाडू नाहीत, खरा गूळ नाही, नुसतं समजायचं आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग तर लईच सोपं झालं. खऱ्या गुळाला न्हाई म्हणत न्हाई मी, तर समजायच्या गुळाला कशाला म्हणन?" मार्क काही वाढले नाहीत. गूळ मात्र ठेवून घ्यावा लागला आणि मायने दुसऱ्या दिवशी खरोखरच शेंगदाण्याचे लाडू वळले. अप्पांनी त्यातले तीन खाल्ले.

मग वैशाखी पौर्णिमा आली. बुद्धजयंतीला विहारात वंदना झाली की सगळ्या गल्लीची मिळून खीर व्हायची आणि गावातल्या ज्याला यायचं त्याला ती मिळायची. प्रत्येक घराने जमेल ते आणायचं. दूध, तांदूळ, साखर, कुणी नुसती वेलची, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सरपण. त्या वर्षी अप्पांनी ठरवलं की माझी शिकवणी विहाराच्या ओट्यावरच घ्यायची. एका मोठ्या डेगीला दहा लिटर दूध, एक किलो तांदूळ, दोन किलो साखर असा हिशेब त्यांनी मला दिला आणि जमलेल्या सामानासमोर उभं केलं. मी मोजलं. दूध चाळीस लिटर, म्हणजे चार डेगींचं. तांदूळ सहा डेगींचे. साखर पाच किलो. मी तोंड उघडणार तोच अप्पांनी बोट वर केलं, "उसनं आणायचं असल तर जा, आण. आज मी अडवत न्हाई."

मी पितळी पेला घेऊन पळत सुटले. शांताकाकूंनी मला बघूनच साखरेचा डबा उलटा करून दाखवला. त्यांनी होती तेवढी सगळी विहारात दिली होती. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरातही तेच. एका आजीबाईंनी डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेली साखर बोटाने खरवडून माझ्या जिभेवर ठेवली, तेवढीच. गावातलं एकुलतं दुकान बंद होतं, कारण दुकानदार मंठ्याला लग्नाला गेला होता. चक्कीपर्यंत जाऊन मी परत फिरले. चक्कीही त्या दिवशी बंद होती आणि सगळी गल्ली कधी नव्हे इतकी शांत. मी उन्हात रिकामा पेला घेऊन उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की वस्तू संपते म्हणजे काय. प्रत्येकाने आधीच दिलेलं आहे, आता मागायला बाहेर कुणी उरलेलं नाही. मला भीतीच वाटली थोडी. पुढे नर्स झाल्यावर वाड्यावस्त्यांवरच्या लसीकरणाला जायची तेव्हा लस भरपूर आणि सुया थोड्या, किंवा सुया भरपूर आणि बर्फ वितळलेला, अशी वेळ बरेचदा यायची. तेव्हा मला दर वेळी तीच उन्हातली गल्ली आठवायची. आणि लहान आकडा धरायचा असतो हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

"अडीच," मी धापा टाकत ओट्यावर येऊन म्हणाले. "अप्पा, अडीच डेगी. साखर अडवते."

अप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ते मला आता उचलून घेतात. त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "ऐका, अडीच डेगी व्हतील! माझ्या पोरीनं काढलं!" पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. मायने आणि शांताकाकूंनी केव्हाच चारही डेगींत दूध ओतलं होतं, तांदूळ शिजत आले होते आणि पाच किलो साखर चारही डेगींत सारखी वाटून टाकण्याचं काम चाललं होतं. "अगं, गणित!" अप्पा म्हणाले. "गोडीला जरा कमी व्हईल," माय म्हणाली, "माणसं कमी व्हणार न्हाईत." त्या दिवशी लोक शेजारच्या वस्तीवरूनही आले. खीर खरोखर फिकी होती. अप्पांनी पहिला घोट घेऊन तसं जाहीरही केलं. पण माणसं दुसऱ्यांदा द्रोण पुढे करीत होती, आणि जरा वेळाने त्या रांगेत मला अप्पाही दिसले.

जून लागल्यावर ते मला घेऊन अंबडला निघाले. माझं गणित आता पक्कं झालं होतं. अप्पांनी रोज सकाळी मला उदाहरणं घातली होती. सायकलींचे हँडल आणि चाकं, वह्यांची पानं आणि पुठ्ठे, मी एकही चुकत नव्हते. एसटीत ते खिडकीकडे बघत स्वतःशीच हसत होते. मावशीने आम्हाला मोसंबी सोलून खायला घातली, माझ्या वेण्या पुन्हा घातल्या आणि आपल्या नव्या रिबिनी लावल्या. अप्पांनी इस्त्रीची टोपी घातली होती. ती डोक्यावर नीट बसत नव्हती म्हणून ते सारखा तिला हात लावत होते.

मोठ्या बाई खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या. चष्मा, पांढरी साडी, आणि सकाळपासून पालकांशी बोलून थकलेला आवाज. त्यांनी माझं नाव विचारलं, अप्पांचं काम विचारलं आणि म्हणाल्या, "गणिताच्या शिक्षकांची मुलगी का? मग एकच उदाहरण घालते. आठवीच्या वर्गात बाकं अठरा. एका बाकावर तीन मुली. शाळेच्या पुस्तकपेढीत आठवीच्या पुस्तकांचे संच पन्नास, एका मुलीला एक. तर वर्गात जास्तीत जास्त किती मुली घेता येतील?"

माझा आनंद पोटात मावेना. इतकं सोपं! बाकांचे चोपन्न, पुस्तकांचे पन्नास. "पन्नास, बाई," मी म्हणाले. "पुस्तकं अडवतात."

"शाबास," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर सांगितलंस. सकाळपासून मी प्रत्येक पालकाला हेच समजावते आहे आणि कुणालाच पटत नाही. पन्नासावी मुलगी काल संध्याकाळी घेतली, बाळ. आता जागा नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्याच तोंडाने मी स्वतःला बाहेर काढलं होतं. चुलत्याचं खुरपं, सरपणाचा भारा, सगळं डोळ्यांपुढे आलं. रडायचं नाही असं ठरवून मी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले. मग अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाई," ते म्हणाले, "पोरीचं उत्तर चुकलं."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. जन्मात कधी मी त्यांना बरोबर उत्तराला चूक म्हणताना ऐकलं नव्हतं.

"चुकलं कसं? पन्नासच येतात," बाई म्हणाल्या.

"चोपन्न येतात. बाकं अठरा हायेत. एका पुस्तकात दोघी बघत्यात, बाई. माझी पोर दुसरीच्या पुस्तकात बघून वाचल. तेही न्हाई जमलं तर मी हातानं उतरून देतो आठवीची सगळी पुस्तकं. माझं अक्षर चांगलं हाय."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि अप्पांना नीट न्याहाळलं. "गुरुजी, तुम्ही स्वतः गणित शिकवता. तुमच्या वर्गात एखाद्या मुलीने असं उत्तर लिहिलं तर किती मार्क द्याल?"

"शून्य," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दिलंय. हिलाच दिलंय."

बाई हसल्या. आधी नुसत्या ओठांत हसल्या, मग खुर्चीत मागे रेलून अगदी मोकळ्या हसल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आणि तुमच्या मागून आणखी तीन बाप असेच येऊन उभे राहिले तर?"

"तर तिघींनाही घ्या. बाकावर जागा हाय. पंचावन्नावी आली तर मी काही बोलणार न्हाई, शपथ."

त्यांनी शिपायाला हाक मारली आणि माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं. एक्कावन्नावी. पुढे त्या शाळेत मी तीन वर्षं काढली. आठवीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने पुस्तक नेहमी मधोमध ठेवलं. पान उलटताना ती माझ्याकडे बघायची, झालं का म्हणून.

त्या दिवशी शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा अप्पा भराभर चालत होते, जणू बाईंनी परत बोलावलं तर ऐकू येऊ नये. टोपी अजून हातातच होती. मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत होते. मला खूप आनंद झाला होता, आणि तरी डोक्यात एक किडा वळवळत होता. स्टँड दिसायला लागल्यावर मला राहवेना.

"अप्पा," मी म्हणाले, "पन्नासच बराबर होतं ना?"

अप्पा थांबले. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

"बिलकुल बराबर व्हतं," ते म्हणाले. "पण मंग तू बाहीर राह्यली असती."